हे अंशतः खरे आहे

आमच्या पिठाच्या गिरणीची मोटार जळाली आणि दादांनी तिच्या जागी जुन्या सामानाच्या दुकानातून एक वापरलेली मोटार आणून बसवली, तिथून हे सगळं सुरू झालं. दादा म्हणजे माझे वडील. औरंगाबादला, हर्सूलच्या अलीकडं, जळगाव रोडला लागून आमची गिरणी होती. पुढं गिरणी, मागं राहायच्या खोल्या. मी तेव्हा नुकतीच प्राथमिक शाळेत शिकवायला लागले होते, लग्न व्हायचं होतं. घरात दादा, माय आणि मी, तीनच माणसं.

त्या दिवसांत फुलंब्रीकडं विहिरींवरच्या विजेच्या मोटारी चोरीला जात होत्या. शेतकरी सकाळी पाणी द्यायला जायचा तर मोटारीच्या जागी तुटलेली वायर लोंबत असायची. उभी पिकं सुकायला लागली, लोक चिडले, तालुक्याला मोर्चा निघाला. पोलिसांवर वरून दाब आला असणार. जुन्या मोटारी कुणाकुणाकडं आहेत याची चौकशी सुरू झाली आणि एका सकाळी आमच्या गिरणीपुढं जीप थांबली. फौजदार उतरले, त्यांच्यामागं जमादार. दादा ज्वारीचं दळण टाकत होते. जमादारांनी हातानं खूण केली तशी दादांनी गिरणी बंद केली.

"मोटार कुठून आणली ते जरा ठाण्यात येऊन सांगा," फौजदार म्हणाले.

दादांच्या भुवयांवर पीठ होतं. ते तसेच जीपमध्ये जाऊन बसले.

माय दुपारी ठाण्यावर गेली, तिला दारातूनच परत पाठवलं. "चौकशी चालू आहे, संपली की येतील," एवढंच सांगितलं. दादा आले ते दुसऱ्या दिवशी दुपारी, रस्त्याच्या कडेनं चालत. केसांत आदल्या दिवशीचं पीठ तसंच होतं. माय डाव्या बाजूला उभी राहून विचारत होती, "जेवलात का? काय म्हणाले ते?" आणि दादा समोर बघत होते. मला वाटलं, रागात आहेत. मग मी उजव्या बाजूला आले, "दादा" म्हटलं, तेव्हा त्यांनी मान वळवली.

ते नीट क्रमानं काही सांगत नव्हते. तुकड्यातुकड्यानं आम्हाला कळलं ते असं. ठाण्याच्या मागच्या अंगाला शेजारीशेजारी दोन कोठड्या होत्या, मध्ये भिंत. दिवसाही अंधार. दादांना त्यातल्या एकीत बसवलं. थोड्या वेळानं डावीकडच्या भिंतीपलीकडून कुणीतरी दखनीत हळू बोललं, "चाचा, कुछ बी पूछे तो हौ मत बोलो. एक बार हौ बोले तो गए." दादांनी विचारलं, कुठले तुम्ही? तो म्हणाला, सिल्लोड. तेवढ्यात दादांना बोलावणं आलं. आत फौजदारांनी विचारलं, मोटार चोरीची आहे, माहीत होतं ना? दादा नाही म्हणाले. पुन्हा विचारलं, पुन्हा नाही म्हणाले. तेव्हा कुणीतरी बाजूनं त्यांच्या डाव्या कानाखाली मारली. एकदाच.

"हौ म्हणायला तोंड उघडलंच व्हतं मी," दादा म्हणाले. "मग त्याचं ध्यान आलं. म्हणून नाय म्हणालो."

कोठडीत परत आणल्यावर त्यांच्या डाव्या कानात नुसता सूं आवाज होता, आणि भिंतही डावीकडंच. त्यानंतर पलीकडचा माणूस बोलला की नाही, तो तिथं होता की त्याला नेलं, हे दादांना कळलं नाही. दुसऱ्या दिवशी जुन्या सामानाचा दुकानदार ठाण्यावर आला, मोटार एका बंद पडलेल्या कारखान्यातली आहे असं त्यानं दाखवून दिलं आणि दादांना सोडलं. निघताना दादांनी शेजारच्या कोठडीत डोकावून पाहिलं. एक घोंगडी पडलेली होती.

"इथला माणूस कुठं गेला?" त्यांनी विचारलं.

"इथं कुणी नव्हतं," पहाऱ्यावरचा शिपाई म्हणाला.

ही गोष्ट आमच्या घरातच राहिली असती. पण गिरणीवर फुलंब्रीच्या रस्त्यानं येणारे शेतकरी दळणाला थांबायचे, त्यांच्यातल्या कुणीतरी ती आमदारांच्या कानावर घातली. हे आमदार विरोधी पक्षाचे. मोटारींच्या चोऱ्यांवर विधानसभेत प्रश्न विचारायचा म्हणून ते माहिती गोळा करत फिरत होते. एका दुपारी ते गिरणीत आले, पोत्यावर बसले आणि दादांचं सगळं ऐकून घेतलं. दादा स्वतःच्या कानाबद्दल थोडंसंच बोलले. पलीकडच्या माणसाबद्दल मात्र त्यांनी तीनतीनदा सांगितलं.

"तो कोण व्हता आणि त्याचं काय झालं, एवढं विचारता आलं तर बघा," ते म्हणाले.

आमदार म्हणाले, "विचारू की. विचारण्यासाठीच तर सभागृह आहे."

ते गेल्यावर माय म्हणाली, "कशाला वाढवता? सुटून आलात ना?"

दादा म्हणाले, "पोलीस ॲक्शनच्या आधी माझ्या चुलत्याला असंच नेलं व्हतं. निजामाचे शिपाई व्हते का आणखी कुणी, तेबी कळलं नाय. त्याच्याबद्दल कुणाला विचारायचं, हेच आमच्या गावात कुणाला ठावं नव्हतं. आता विचारायला जागा आहे म्हणत्यात. तर विचारू दे की."

पुढं हिवाळ्यात, नागपूरच्या अधिवेशनाच्या आधी, तेच जमादार आमच्याकडं आले. या वेळी जीप नव्हती, सायकल होती. त्यांनी टोपी काढून हातात धरली आणि मायला म्हणाले, "ताई, घाबरू नका. तुमच्या घरावर तारांकित लागलाय."

मायला वाटलं हे एखादं नवं कलम आहे. ती भिंतीला टेकून खाली बसली. मला शाळेमुळं थोडं ठाऊक होतं. तारांकित म्हणजे मंत्र्यांनी सभागृहात उभं राहून तोंडी उत्तर द्यायचा प्रश्न, असं मी तिला समजावलं. तरी ते आपल्या घरावर का लागलं, हे तिच्या डोक्यात शिरेना. खरं सांगायचं तर माझ्याही नाही.

जमादार चहा घेत म्हणाले, "मुंबईहून वायरलेस आलाय. दोन दिवसांत माहिती पाठवायची. तुमचा जबाब लागतो." त्यांनी कागद मांडीवर घेतला आणि दादांना मोठ्यानं विचारलं, "तुम्हाला ठाण्यात मारहाण झाली काय?"

दादा म्हणाले, "तुम्ही व्हता की तिथंच."

"व्हतो. पण मला विचारावं लागतं."

"तुम्ही बघितलं का नाय?"

"माझं मला कुणी विचारलेलं नाही," जमादार म्हणाले. हे त्यांनी अगदी साधेपणानं सांगितलं. त्यात गुर्मी नव्हती. मला त्यांचा रागही येत होता आणि त्यांच्या कपात साखर कमी पडली का, असंही मनात येत होतं. आपल्या घरी आलेला माणूस आणि दादांना घेऊन गेलेला माणूस हे एकच आहेत, हे मला एका वेळी धरून ठेवता येत नव्हतं.

दादांनी सांगितलं, कानाखाली एकदा मारली. जमादारांनी लिहून घेतलं. मग दादा म्हणाले, "आणि शेजारी एक माणूस व्हता, सिल्लोडचा. तेबी लिहा."

"ते प्रश्नात नाही."

"पण व्हता की तो."

"काका, जेवढं विचारलंय तेवढ्याचंच उत्तर जातं." त्यांनी दादांची सही घेतली, सायकल काढली, आणि जाताजाता मागं वळून मला म्हणाले, "कान दाखवून आणा डॉक्टरला."

अधिवेशन संपल्यावर आमदारांनी प्रश्नोत्तराचा छापील कागद आणून दिला. गिरणी बंद करून मी तो दादांच्या उजव्या कानाशी मोठ्यानं वाचला. सन्माननीय गृहमंत्री पुढील गोष्टींचा खुलासा करतील काय, अशी सुरुवात होती. पहिला भाग मोटारींच्या चोऱ्या वाढल्या आहेत, हे खरे आहे काय, असा. दुसरा भाग, तपासाच्या नावाखाली एका गिरणीचालकास ठाण्यात नेऊन मारहाण केल्याने त्याची श्रवणशक्ती गेली, हे खरे आहे काय. तिसरा, असल्यास संबंधितांवर कोणती कारवाई केली. खाली उत्तरं होती. पहिल्याला "होय". दुसऱ्याला, "हे अंशतः खरे आहे. सदर इसमास चौकशीसाठी ठाण्यात बोलावण्यात आले होते. त्यास गिरणीच्या सततच्या आवाजामुळे पूर्वीपासूनच कमी ऐकू येत असल्याचे दिसून येते." तिसऱ्याला, "प्रश्न उद्भवत नाही."

"काय म्हणतंय?" दादांनी विचारलं.

"अंशतः खरं आहे म्हणतात. म्हणजे थोडं खरं."

"कोणतं थोडं?"

मी पुन्हा वाचलं. ठाण्यात बोलावलं हे खरं. कान गेला हेही ते नाकारत नव्हते. फक्त तो ठाण्यात गेला नव्हता, असं म्हणत होते. मग माय मधेच म्हणाली, "पण तुम्हाला आधीपासून कमी ऐकू यायचं का वो?"

दादा म्हणाले, "नाय."

"मी हाका मारायची तवा ओ देत नव्हता तुम्ही."

"गिरणी चालू असायची तवा."

"बंद असतानाबी कधीकधी."

मी त्या दोघांकडं बघत होते. लहानपणापासून मी दादांशी ओरडूनच बोलत आले होते. पट्टा फिरत असला की दुसरा इलाज नव्हता. पण गिरणी बंद असताना, जेवताना, मी हळू बोलायचे का? दादांना ऐकू यायचं का? मी कितीतरी प्रसंग आठवून पाहिले आणि प्रत्येक प्रसंगात मला माझाच मोठा आवाज ऐकू आला. तो गरजेपोटी होता की सवयीनं, हे ठरवता येईना. तो कागद वाचण्याआधी मला पक्कं माहीत होतं की कान त्या दिवशी गेला. वाचल्यावर मी माझ्याच घराबद्दल साशंक झाले. इतक्या लांब नागपुरात बसून कुणीतरी आमच्या जेवणाच्या वेळा माझ्यापेक्षा जास्त जाणतं की काय, असं वाटून गेलं.

आमदारांनी मात्र एक चांगली बातमी सांगितली. छापील उत्तरानंतर सभागृहात उपप्रश्न विचारता येतात, त्यात त्यांनी दादांचं म्हणणं मांडलं होतं. त्या दिवशी कोठडीत दुसरा एक इसम होता काय, त्याची नोंद का नाही? त्यावर मंत्र्यांनी सांगितलं होतं की माहिती घेऊन सभागृहाला सांगण्यात येईल.

"म्हणजे सांगतील?" दादांनी विचारलं.

"हे आश्वासन झालं. आता ते पुरं केलं की नाही हे बघायला आमदारांची वेगळी समिती असते. वेळ लागेल, पण सुटका नाही."

वेळ लागला. मधल्या काळात दादांच्या डाव्या कानाची डॉक्टरांनी आशा सोडली. फौजदारांची बदली झाली. मोटारी चोरणारे खरे चोर सापडले की नाही, ठाऊक नाही, पण चोऱ्या कमी झाल्या. आम्ही ते सगळं विसरत आलो होतो तेव्हा निरोप आला की समिती दौऱ्यावर औरंगाबादला येते आहे आणि दादांना सरकारी विश्रामगृहावर बोलावलं आहे.

दादांना प्रश्न ऐकू यावेत म्हणून मी बरोबर गेले. मोठ्या दालनात लांब टेबल होतं. एका बाजूला समितीचे आमदार, त्यांत सत्तेतलेही आणि विरोधातलेही. कोण कुठला हे मला ओळखता आलं नाही, कारण सगळे सारखेच प्रश्न विचारत होते. दुसऱ्या बाजूला गणवेशातले मोठे अधिकारी फायली घेऊन बसले होते. गंमत अशी की आम्ही घाबरलो होतो तेवढेच ते अधिकारीही घाबरलेले दिसत होते. एक जण सारखा रुमालानं मान पुसत होता. दादांना नेलं तेव्हा मला वाटलं होतं की पोलिसांच्या वर कुणी नसतं. इथं बघते तर त्यांनाही उभं करून विचारणारं कुणीतरी होतं. मला बरं वाटलं. पण बरं वाटून आपण नेमकं काय मिळवलं, ते कळत नव्हतं.

अध्यक्ष वयस्क होते, धोतर नेसलेले. त्यांनी मला आधी विचारलं, "बाई, वडिलांना पूर्वीपासून कमी ऐकू येतं का?"

मी म्हणाले, "गिरणी चालू असायची तेव्हा आम्ही मोठ्यानं बोलायचो. बंद असताना यायचं. मला वाटतं यायचं."

लघुलेखक बाईंची पेन्सिल चालत होती. "वाटतं" हा शब्द त्यांनी लिहिला की गाळला, ते मला दिसलं नाही.

मग एक अधिकारी उभे राहून म्हणाले, "अभिलेखानुसार त्या दिवशी कोठडीत एकच इसम होता, आणि तो हाच." अध्यक्षांनी दादांकडं बघितलं. मी त्यांच्या कानाशी वाकून सांगितलं, "साहेब म्हणतात, तुम्ही एकटेच होता."

दादा उभे राहिले. "मी एकटा नव्हतो. मी त्याला बघितलं नाय, भिंत व्हती मधी. पण त्यानं मला सांगितलं, हौ म्हणू नका. मी म्हणालो नाय, म्हणून इथं तुमच्यापुढं उभा आहे. माझ्या कानाचं राहू द्या. गिरणीनं गेला लिहायचं तर गिरणीनं लिहा. तो माणूस कुठं आहे, ते सांगा."

सत्ताधारी पक्षाचे एक तरुण आमदार, मला ते नंतर कळलं, अधिकाऱ्यांना म्हणाले, "नोंद नाही म्हणजे माणूस नव्हता, असं तुम्ही कशावरून म्हणता?"

"साहेब, नोंदीवरूनच म्हणतो," अधिकारी म्हणाले.

अध्यक्षांनी हुकूम केला. त्या सुमाराला सिल्लोड तालुक्यातला कोणताही माणूस मोटारींच्या चोरीत जिल्ह्यातल्या कोणत्याही ठाण्यानं धरला असेल, तर तो कधी धरला आणि आता कुठं आहे, हे शोधून समितीला कळवा.

शोध लागला. दादांना नेलं त्याच्या दुसऱ्या दिवशी, भलत्याच ठाण्यानं, सिल्लोडकडच्या एका माणसाला मोटार चोरल्याच्या संशयावरून अटक केल्याचं निघालं. तो तेव्हापासून हर्सूलच्या तुरुंगात कच्चा कैदी म्हणून होता. आमच्या गिरणीपासून तुरुंगाची भिंत चालत जाण्याइतकी जवळ. दादांचं म्हणणं खरं असेल तर त्या माणसाला कागदावरच्या तारखेच्या आधीच धरलेलं होतं. आणि ज्या चोरीसाठी त्याला आत टाकलं, ती दादा ठाण्यात होते त्याच रात्रीची, तेव्हा तो दादांच्या शेजारच्या कोठडीत होता. म्हणजे त्यानं ती केलेलीच नव्हती. आमदार हे सांगायला आले तेव्हा उत्साहात होते. "तुम्ही फक्त ओळखा त्याला," ते म्हणाले.

परवानगी काढून दादा आणि मी तुरुंगात मुलाखतीला गेलो. दोन जाळ्या आणि मध्ये जागा. पलीकडं एक सडपातळ माणूस आला, दाढी वाढलेली, वय तिशीचं असेल.

दादा म्हणाले, "तुम्हीच का ते?"

"कोण?" तो म्हणाला. त्याची मराठी आमच्यासारखीच होती. "मी तुम्हाला कधी पाहिलं नाय."

"पाहिलं तर मीबी नाय. आवाज ऐकला व्हता. जरा बोला की."

"काय बोलू?"

"काहीबी. तिकडलं बोला, घरचं."

तो जाळीला धरून उभा राहिला आणि बोलला, बहीण कुठं दिली, मक्याला यंदा पाणी मिळालं की नाही हे कळत नाही, असं काहीबाही. दादांनी उजवा कान जाळीला लावला होता. बाजूला इतर कैद्यांची माणसं ओरडत होती. वेळ संपल्याची शिट्टी झाली. बाहेर आल्यावर मी विचारलं, "तोच का?"

"तो हळू बोलला व्हता, दखनीत. हा मोठ्यानं बोलला, मराठीत. आणि तवा मला दोन कान व्हते." दादा रस्त्याच्या कडेला दगडावर बसले. "तोच आहे म्हणालो तर हा सुटंल. पण नसला तर?"

"नसला तरी सुटेल की," मी म्हणाले.

"व्हय. पण मग जो व्हता तो कुणी शोधायचा नाय."

त्यांनी समितीला खरं तेच कळवलं. ओळखता येत नाही. मला त्या दिवशी दादांचा राग आला. एका शब्दानं एक माणूस घरी गेला असता, असं मी मायजवळ बोलले. माय म्हणाली, "त्यांनी तिथं हौ म्हटलं नाय, आता इथं कसं म्हणतील?" हे दोन्ही एकच आहे का, यावर मी बरीच रात्र विचार केला. अजूनही मला ते पटतं आणि पटत नाही.

पण घडलं निराळंच. समितीनं विचारणा केली म्हणून त्या माणसाचे कागद कुणीतरी बाहेर काढले. त्याच्यावर आरोपपत्र दाखल करायची मुदत कधीच उलटून गेली होती आणि तो कायद्यानंच जामिनाला पात्र होता. वकील नव्हता, घरच्यांना कुणी सांगितलं नव्हतं, म्हणून तो बसून राहिला होता. त्याला जामीन झाला. पुढं खटला उभा राहिला तेव्हा साक्षीपुरावा काही नव्हता, आणि तो निर्दोष सुटला.

सुटल्यावर एका दुपारी तो गिरणीवर आला. दाढी काढलेली होती, मी ओळखलंच नाही. हातात हिरव्या मिरच्यांची पिशवी होती. दादांनी गिरणी बंद केली, मी दोघांना चहा आणला. तो दादांच्या उजवीकडं बसला. कुणी सांगितलं नव्हतं, तुरुंगातल्या त्या भेटीतच त्यानं पाहून ठेवलं असावं.

"चाचा," तो म्हणाला, "तुम्ही विचारलं म्हणून माझ्याकडं कुणीतरी बघितलं. पण तो मी नव्हतो. मला सिल्लोडच्या बाजारातून धरलं, ते त्यांनी लिहिलं त्याच दिवशी. त्या ठाण्यात मी गेलेलोच नाय."

दादांनी त्याला पुन्हा सांगायला लावलं. मग विचारलं, "म्हणजे हौ म्हणू नका, असं तुम्ही नाय म्हणालात?"

तो थोडा हसला. "मी तर हौ म्हणालो होतो, चाचा. दोनदा मारल्यावर म्हणून टाकलं. म्हणून तर अडकलो."

दादांनी चहाची बशी खाली ठेवली. रस्त्यावरून सिल्लोडची एसटी गेली.

पुढच्या अधिवेशनात समितीचा अहवाल ठेवला गेला. आमदारांनी निरोप दिला की आश्वासनाची पूर्तता झाली, विषय निकाली निघाला. कारण विचारलेला सिल्लोडचा इसम सापडला होता. दादा त्यांना भेटायला गेले आणि म्हणाले, सापडला तो दुसरा. आमदार म्हणाले, "काका, एक माणूस सुटला, हे थोडं आहे का?" दादा म्हणाले, थोडं नाही. "मग?" आमदारांनी विचारलं, तेव्हा दादा उठले. ते तसेच परत आले. पुढच्या निवडणुकीत ते आमदार पडले.

सिल्लोडचा माणूस मात्र येत राहिला. वर्षातून एखाददोनदा, कधी मिरच्या घेऊन, कधी मका. दादांनीही त्याच्या गावी दोनतीन फेऱ्या केल्या. त्या सुमाराला घरातून गेलेला आणि परत न आलेला कुणी आहे का, असं त्या दोघांनी मिळून बाजारात विचारलं. काही नावं निघाली. एक मुंबईला सापडला, एक कर्नाटकात. एका म्हातारीचा मुलगा खरंच कुठं गेला ते कुणाला ठाऊक नव्हतं. ती म्हणाली, तो असं कुणाला शहाणपण सांगणाऱ्यातला नव्हताच. दादांचे गुडघे धरायला लागले आणि फेऱ्या थांबल्या.

माझं लग्न झालं, मी शहरात दुसऱ्या टोकाला राहायला गेले. एकदा माहेरी आले असताना मी दादांना सरळ विचारलं, "दादा, तो माणूस नक्की होता ना?"

ते बराच वेळ माझ्या तोंडाकडं बघत राहिले. मला वाटलं, ऐकू आलं नाही, म्हणून मी पुन्हा मोठ्यानं विचारायला तोंड उघडलं.

"ऐकलं मी," दादा म्हणाले. "मीबी तेच विचारत व्हतो सगळ्यांना."